असू दे, लक्ष्मी आली!

मागचा वीकेंड कोल्हापुरात गेला. माझ्याकडे काम एकच, ड्रायव्हिंग. ताईची लेक तीन महिन्यांची झाली, तेव्हा ताई सासरी परत जायच्या आत सगळ्या पाहुण्यांकडे बाळ दाखवून आणायचं, असा आईचा फतवा निघाला होता. शुक्रवारी ऑफिस उरकून पुण्याहून निघालो. मध्यरात्री कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणीचं दर्शन झालं, चार तास झोपलो आणि सकाळी गाडी काढली. मागच्या सीटवर आई, ताई आणि भाचीबाई. डिकीत दुपटी, झबली आणि गरम पाण्याचा थर्मास. दोन दिवसांत नऊ घरं, शिवाय जोतिबाचा डोंगर आणि नरसोबाची वाडी. डोंगराच्या वळणांवर भाचीबाई ढाराढूर झोपतात आणि सिग्नलला गाडी थांबली की भोकाड पसरतात. असो.

तर नऊपैकी सात घरांत, बाळ हातात घेतल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एकच वाक्य आलं. "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी." नाहीतर "असू दे, लक्ष्मी आली की घरात." मी मोजत होतो (टेस्टिंगमध्ये तीन वर्षं काढलीत, खोड जात नाही). आठव्या घरात म्हणीबिणीच्या भानगडीत न पडता थेट निकाल दिला, "पुढच्या खेपंला हुतोय बघ मुलगा." नवव्या घरातल्या आजोबांना ऐकू येत नाही. त्यांनी बाळाच्या मुठीत शंभराची नोट कोंबली आणि बोळकं पसरून हसले. दोन दिवसांतलं सगळ्यात शहाणं घर तेच.

माझं भांडण त्या "असू दे"शी आहे. असू दे म्हणजे काय? परीक्षेत नापास झालेल्या पोराला म्हणतात, पाकीट हरवलेल्याला म्हणतात. चुलतभावाला दोन वर्षांपूर्वी मुलगा झाला, तेव्हाही गाडी मीच चालवत होतो. "असू दे, गणपती आला" असं एकानंही म्हटलं नाही. मुलगा झाला की नुसतं अभिनंदन पुरतं, त्याला म्हणीचा टेकू लागत नाही. लक्ष्मी आली हे कौतुक नाहीच हो, ते सांत्वन आहे. तोंडावर आनंदाचं पॅकिंग आणि आत सुतक. आणि ते ऐकायचं कुणी, तर टाके भरून तीन महिने झालेल्या, रात्र रात्र जागणाऱ्या बाईनं. दर घरी ताई हसून "हो ना" म्हणायची. पाचव्या घरापासून तिनं हसणं सोडलं.

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. भाची झाली त्या दिवशी मिठाईच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, "मुलगी झालीय, दोन किलो द्या." काय द्या ते मी सांगितलंच नाही. त्यानं बर्फी भरली आणि मी घेऊन आलो. मुलाचे पेढे, मुलीची बर्फी. अख्ख्या ऑफिसला वाटली. डबा बघूनच लोक "अच्छा, मुलगी का" म्हणाले. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, याचंच आता वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, बोलायची पद्धत असते. बरं, मग आकडे बघा. निसर्गाच्या हिशेबानं हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्माला येतात. 2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या 839. राज्याचा आकडा तेव्हा 913 होता. म्हणजे औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेल्या बाईचा पुतळा वेशीवर उभा करणारा आपला जिल्हा राज्याच्या कितीतरी मागे. ऊस, दूध, पैसा, दवाखाने, सगळं असलेला जिल्हा. खरं तर असल्यामुळेच. सोनोग्राफी करायला पैसे लागतात.

कायदा नव्हता असंही नाही. महाराष्ट्रानं गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा 1988 लाच केला, देशात पहिला. केंद्राचा 1994 चा. पुढे लक्ष्मीकांत देशमुख कोल्हापूरचे कलेक्टर असताना (तेच, मराठीतले लेखक) सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचा डबा जोडायची टूम निघाली. मशीनवर जे जे दिसलं त्याची नोंद डब्यात, आणि प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म ऑनलाइन. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमला लॉगिंग लावलं. डॉक्टरांची संघटना याविरुद्ध हायकोर्टात गेली आणि 2011 मध्ये हरली. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्याचा आकडा 913 वरून 894 वर घसरला, कोल्हापूरचा मात्र 839 वरून 863 झाला. सगळं श्रेय त्या डब्याचं असं मी म्हणणार नाही, पण दिशा तरी बदलली. तरीही 863 म्हणजे 950 नव्हे.

डबा दवाखान्यातल्या मशीनला लावता येतो. ऑर्डर कुठनं सुटते? सोफ्यावरनं. चहाबरोबर चिवडा खात "पुढच्या खेपंला बघ" म्हणतात ना, तिथनं. डॉक्टर नंतर येतो. तिथं कसलं लॉगिंग लावणार?

आता आत्तीचं सांगतो. सातवं घर तिचं. ताईच्या बाळंतपणात दवाखान्यात आठ रात्री ही बाई खुर्चीवर झोपलीय, तिच्या प्रेमाबद्दल ब्र काढायची माझी टाप नाही. तीही तेच म्हणाली. मला राहवलं नाही. "आत्ती, असू दे कशाला?" आई माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. आत्तीनं भाचीवरनं भाकरतुकडा ओवाळला, बाहेर टाकून आली, मग म्हणाली, "मला बी असंच म्हटली रं सगळी. चार खेपा. पाचव्या खेपंला पोरगा झाला तवा थांबली." आणि पुन्हा बाळाला मांडीवर घेऊन बसली. तिच्या चार लेकींपैकी एक आत चहा गाळत होती. ती कपबशा घेऊन बाहेर आली आणि विषय बदलला.

आत्तीला दुसरं वाक्य कुणी शिकवलंच नाही, हे मला मान्य. पण मला, तुम्हाला, चार बुकं शिकून एसीत बसणाऱ्यांना काय धाड भरलीय? व्हॉट्सअॅपवर "लक्ष्मी आली" लिहून गुलाबी फुगे टाकणारे आपणच की. बाळ झोपतं का विचारा, दूध पुरतं का विचारा, ताईला जेवायला वाढा. काहीच सुचलं नाही तर नवव्या घरच्या आजोबांसारखं गप हसा.

परतताना गाडीत मी हेच सगळं तावातावानं बोलत होतो. ताई अर्धवट झोपेत म्हणाली, "हळू बोल, उठेल ती." पुढच्या शनिवारी तिला सासरी सोडायचंय. दाजींच्या गावात बारा घरं आहेत म्हणे. मी पेढे घेणार आहे, तीन किलो. आईनं आत्ताच बजावलंय, "तू तिथं कुणाशी वाद घालायचा नाहीस, फक्त गाडी चालवायची."