जयभीम म्हणत येणारा प्रत्येक धंदा आपला नसतो

14 एप्रिल जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांमध्ये जयंतीच्या बॅनरवर एक नवा पाहुणा दिसू लागतो. वर बाबासाहेबांचा फोटो, मधे मंडळाचे पदाधिकारी आणि खाली कोपऱ्यात 'सौजन्य' म्हणून कुठल्यातरी मार्केटिंग कंपनीचं नाव. भोजनदानाला थोडी मदत केली की पुढच्या रविवारी विहाराच्या सभागृहात त्यांचा 'सेमिनार' ठरलेला. पहिली स्लाइड सुटाबुटातल्या बाबासाहेबांची, दुसरी महागड्या गाडीची आणि शेवटची जॉइनिंग फीची. बाबासाहेबांचा सूट अभ्यासाने आणि कष्टाने आला होता, जॉइनिंग किटमध्ये मिळाला नव्हता, हे त्या सभागृहात उठून कुणी सांगत नाही.

मी सांगतो. ज्या धंद्यात कमाई माल विकून होत नाही, नवा माणूस जोडून होते, तो धंदा नव्हेच. आणि अशा लोकांना मंच देणारा कार्यकर्ता त्या फसवणुकीतला भागीदार आहे, मग त्याने स्वतः एक रुपयाही घेतलेला नसो.

साधं गणित करू. प्रत्येकाने सहा माणसं जोडायची, एवढीच अट. पहिल्या पायरीवर सहा, दुसरीवर छत्तीस. आठव्या पायरीवर 16,79,616 नवी माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अकोला शहर सव्वाचार लाखांच्या आसपास होतं आणि अमरावती साडेसहा लाखांच्या. दोन्ही शहरांतली तान्ही लेकरं धरली तरी आठवी पायरी भरत नाही. म्हणजे खालच्या पायरीवरचे बुडणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं असतं. आणि खालच्या पायरीवर कोण असतं? मावशी, भाचा, बचत गटातली शेजारीण, होस्टेलचा रूम पार्टनर.

अशी साखळी 1978 च्या प्राइज चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने गुन्हा आहे. 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना बंदी आहे आणि विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. तेव्हा 'आमची कंपनी सरकारमान्य आहे' म्हणणाऱ्याला विचारा, मग फी कशाची? कंपनीची नोंदणी कुणालाही करता येते. नोंदणीचा दाखला हा प्रामाणिकपणाचा दाखला नसतो.

आता लोक साखळीला ओळखू लागले, म्हणून तिने कपडे बदलले. नवं नाव 'फ्रँचायझी' किंवा 'हमखास बायबॅक'. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण आठवा. पिल्लं कंपनी देणार, खाद्य कंपनी देणार, अंडी आणि पक्षी ठरलेल्या चढ्या भावाने कंपनीच परत घेणार. 2019 मध्ये खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले, शेतकऱ्यांच्या दारात कोंबड्या आणि डोक्यावर कर्ज उरलं. एवढ्या भावाने ही अंडी शेवटी खाणार कोण, हा एक प्रश्न आधी विचारला असता तर खोट उघडी पडली असती. बाहेरचं गिऱ्हाईक नसलेल्या धंद्यात नव्याचे पैसे जुन्याला जात असतात.

दुसरा प्रकार खऱ्या नावाच्या खोट्या दुकानाचा. अमूलची फ्रँचायझी देतो म्हणून इतक्या बनावट वेबसाइट निघाल्या की 2020 मध्ये अमूलची विक्री संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आता खरं अमूल काय म्हणतं ते बघा. पाकीटबंद दुधावर दुकानदाराला सरासरी 2.5 टक्के, दुग्धपदार्थांवर 10 टक्के आणि आइस्क्रीमवर 20 टक्के. लाखाचं दूध विकलं तर अडीच हजार, त्यातून भाडं आणि लाइटबिल. खरी फ्रँचायझी अशी नीरस असते. ती पहाटे उठायला लावते, महिन्याच्या कमाईची हमी देत नाही. हमी देतो तो ठग.

अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला सही आणि पैशाच्या किमान 14 दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. म्हणून चौकशी आपणच करायची. ब्रँडचा ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे, हे सरकारी साइटवर फुकट दिसतं. त्यांनी दाखवलेल्या नव्हे, आपण शोधलेल्या दोन-तीन दुकानदारांना जाऊन भेटा. बंद पडलेलं एखादं दुकान सापडलं तर आधी तिथे जा. अनामत परत कधी मिळणार, त्याच भागात दुसरं दुकान देणार का, भांडण झालं तर अमरावतीत लढायचं की गुरुग्रामला, हे करारात वाचा. पैसे कंपनीच्या खात्यातच भरा, 'एरिया मॅनेजर'च्या फोनवर पाठवू नका. आणि 'आज रात्रीच ऑफर संपते' म्हटलं की उठून या.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, बाहेरच्यांचा: फसले कारण लोभी होते. हे मला मान्य नाही. सरकारी भरती रखडलेली, जागा कंत्राटी, एमए-बीएड झालेली मुलं आठ-दहा हजारांवर राबताहेत. वडिलांकडे दुकान नाही, शेत नाही, व्यापारी मामा नाही. अशा मुलाला कुणी 'सर' म्हणून खुर्ची दिली की तो पैशाआधी त्या मानाला भुलतो. हा लोभ नव्हे, बंद दारापुढचं ताटकळणं आहे.

दुसरा आक्षेप आपल्यातलाच: 'आपला माणूस वर चढला की आपलेच पाय ओढतात.' नाही. धंदा करायलाच हवा. पीएमईजीपीत अनुसूचित जातीच्या उमेदवाराला स्वतःचे 5 टक्केच घालावे लागतात, अनुदान ग्रामीण भागात 35 आणि शहरात 25 टक्के आहे. पेट्रोल पंप वाटपात आपल्यासाठी राखीव ठिकाणं असतात. महात्मा फुले महामंडळ आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे. तिथे अडवणूक होते, बँक मॅनेजर हेलपाटे घालायला लावतो, हेही खरं. मग लढाई तिथे करायची. अकोल्यात एका प्रामाणिक प्रकरणासाठी बँकेसमोर पन्नास जण बसले तर ती चळवळ आहे. एका ठगाच्या सेमिनारला पाचशे जण जमवले तर ती दलाली आहे.

1927 च्या नोव्हेंबरात अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद झाली, तेव्हा प्रश्न अंबादेवी मंदिराच्या बंद दाराचा होता. आज बाजाराचं दार अर्धं बंद आहे आणि त्याच्या बनावट किल्ल्या आपल्याच विहारात विकल्या जाताहेत. वस्तीकडे दुसरं भांडवल नाही, एकमेकांवरचा विश्वास तेवढा आहे. मावशीचे पन्नास हजार बुडाले की पैशासोबत नातं जातं, आणि उद्या कुणी खरी पतसंस्था काढली तरी ती मावशी दार उघडत नाही.

म्हणून यंदाच्या जयंतीच्या बैठकीत प्रत्येक मंडळाने एक ठराव लिहून घ्यावा: जॉइनिंग फी घेणाऱ्या कुणाचीही वर्गणी नको, बॅनरवर नाव नको, विहारात सभा नको. जे आधीच अडकलेत त्यांना हसू नका. त्यांच्या पावत्या आणि मेसेज गोळा करा, सोबत पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 वर फोन लावा.

जयभीम.