परदेशी पैसा शाळेत पोहोचला, पण वर्गात पोहोचला का?



‘शाळांसाठी जागतिक बँकेचे हजारो कोटी’ अशी बातमी मोबाइलवर आली की तुम्ही काय करता? बहुतेक जण वाचून पुढे सरकतात. एवढ्या मोठ्या आकड्याचा आपल्या लेकीच्या तिसरीच्या वर्गाशी काय संबंध, हेच कळत नाही. आज तो संबंध लावून बघू या. त्यासाठी चला चेन्नईच्या महापालिका शाळांत.

२००३ साली इथे एम. पी. विजयकुमार आयुक्त होते. वेल्लोरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी वेठबिगारीतून सुटलेल्या मुलांचा प्रश्न जवळून पाहिला होता. कधीच शाळेत न गेलेला दहा वर्षांचा मुलगा कुठे बसवायचा, पहिलीत की पाचवीत? जो जिथे आहे तिथून त्याला पुढे नेणारी पद्धत हवी होती. ती मिळाली आंध्रातल्या ऋषी व्हॅलीत. पालिकेने १३ शाळांत सुरुवात केली, शिक्षकांना ऋषी व्हॅलीत नेऊन पद्धत दाखवली. युनिसेफने हातभार लावला.

वर्ग कसा दिसायचा? बाक नाहीत, चटया. भिंतीला खाली, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर फळा, आणि त्यात प्रत्येकाची स्वतःची जागा. अभ्यासक्रमाचे छोटे छोटे टप्पे करून त्यांची एक शिडी भिंतीवर लावलेली. मूल शिडीवर आपली पायरी बघतं, ट्रेमधून त्या चित्राचं कार्ड उचलतं आणि कामाला लागतं. आठवडाभर ताप येऊन घरी राहिलेली मुलगी परत आली की जिथे थांबली होती तिथूनच सुरू करते. ‘तुझा धडा बुडाला’ हे वाक्यच उरत नाही. आणि बाई? त्या खुर्ची सोडून खाली, मुलांच्या घोळक्यात.

२००७ पासून ही पद्धत राज्यभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली, सर्व शिक्षा अभियानातून. या अभियानाला त्या काळात जागतिक बँक, ब्रिटन आणि युरोपीय संघाचंही साहाय्य होतं. पण मला विचाराल तर यातली पैशाची बाजू सोपी होती. कार्डं छापता येतात, चटया विकत आणता येतात. वर्षानुवर्षं टेबलामागे उभं राहून शिकवलेल्या शिक्षकाने जमिनीवर बसायचं, आणि चाळीस मुलं चाळीस वेगळ्या गोष्टी करताहेत हे सहन करायचं, हे कुठल्या निधीतून येणार? मुलं जास्त आणि शिक्षक एकटा असला की तो नुसता कार्ड वाटणारा कारकून होतो. वर पालक विचारणार, ‘वही कोरी कशी? गृहपाठ कुठेय?’

जाता जाता एक गंमत. याच शहरात, एग्मोरच्या अनाथाश्रमात, अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचे पाद्री शिकवत होते. इथल्या मुलांना वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहून त्यांनी तेच आपल्या वर्गात आणलं, आणि मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केलं. १७९७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. म्हणजे त्या वेळी मदत उलट्या दिशेने गेली होती!

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, तोही परदेशी साहाय्याचा. पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले पाच जिल्हे होते: औरंगाबाद, लातूर, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद. गटसाधन केंद्रं आणि समूहसाधन केंद्रं ही या कार्यक्रमाची देणगी. जवळपासच्या शाळांच्या शिक्षकांनी एकत्र बसून आपल्या अडचणी बोलायच्या, एकमेकांचं बघून शिकायचं, अशी कल्पना.

त्यानंतरचा मोठा प्रकल्प ‘स्टार्स’. २०२० मध्ये केंद्राने मंजूर केला, एकूण ५,७१८ कोटी रुपयांचा. त्यातले सुमारे ३,७०० कोटी, म्हणजे ५० कोटी डॉलर, जागतिक बँकेचे. सहा राज्यांत महाराष्ट्र होता, तमिळनाडू नव्हतं. दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. हे दान नाही, कर्ज आहे. दुसरं, यातला बराच पैसा ठरलेले परिणाम दाखवल्यावरच सुटायचा. हे मला पटतं, पण थोडी धास्तीही वाटते. परिणाम दाखवायचे म्हटलं की शिक्षकाचा वेळ आधी फॉर्म आणि लिंक भरण्यात जातो.

तुमचं मूल सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. पुढच्या बैठकीला जा. रंगकाम, संगणक, गेट हे विषय निघतीलच. तेवढ्यात विचारा, ‘सर, गेल्या प्रशिक्षणाहून आल्यावर वर्गात कोणती गोष्ट वेगळी केलीत? आणि ती करायला तुम्हाला आमच्याकडून काय हवंय?’ विचारताना आवाज मऊ ठेवा बरं का, त्यांनाही हा प्रश्न क्वचितच कोणी विचारलेला असतो.