रोगी कोणाचा?

मोटेची विहीर आतां बहुतेक गांवांतून नाहींशी झाली. पण घरांतील वडीलधाऱ्यांस विचारा, ते सांगतील. बैल धष्टपुष्ट असले, नाडा मजबूत असला, मोट न गळणारी असली, तरी पाट मध्येंच फुटला तर वाफा कोरडाच राहतो. मोट हांकणारा म्हणतो, मीं पाणी काढलें. दारें धरणारा म्हणतो, माझ्यापर्यंत आलेंच नाहीं. दोघेही खरेंच बोलतात. आमच्या रुग्णालयांची स्थिति पुष्कळदां अशीच असते असें आम्हांस वाटतें, व त्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांपुढें आणि त्यांच्या पालकांपुढें मांडावे असा आमचा हेतु आहे.

गेल्या वर्षीं आमच्या आत्याबाईंस घेऊन आम्ही एका मोठ्या रुग्णालयांत गेलों होतों. त्यांस मधुमेह आहे. आदल्या भेटींत मिळालेल्या चिठ्ठीवर ‘रक्ततपासणीसाठीं उपाशी पोटीं यावें’ एवढेंच लिहिलें होतें. त्याप्रमाणें त्या उपाशी निघाल्या. परंतु सकाळचें इन्शुलिन मात्र नित्याप्रमाणें टोचून निघाल्या, कारण त्या दिवशीं त्याचें काय करावें हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. सात वाजतां केसपेपरच्या रांगेंत उभे राहिलों. तो हातीं आल्यावर डॉक्टरांची सही. सही झाल्यावर पैसे भरण्याची खिडकी, ती दुसऱ्या इमारतींत, आणि ती उघडते नऊ वाजतां. पावती घेऊन रक्त घेण्याच्या खोलीपाशीं पोंचलों तेव्हां दहा वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. आंतील मुलगी म्हणाली, “दहानंतर रक्त घेतां येत नाहीं. उद्यां या.” इकडे आत्याबाईंस दरदरून घाम सुटला, हात थरथरूं लागले, आणि त्या पायरीवरच बसल्या. शेजारच्या एका गृहस्थांनीं चहाच्या टपरीवरून साखर आणून त्यांच्या तोंडांत घातली म्हणून प्रसंग निभावला.

त्या मुलीस आम्ही नको तें बोललों. ती कांहीं न बोलतां ऐकून घेत होती. तिचे डोळे भरून आले होते. मागाहून कळलें कीं, रक्ताच्या नमुन्यांची पेटी दहाच्या ठोक्यास दूरच्या प्रयोगशाळेकडे रवाना होते, आणि त्यानंतर घेतलेलें रक्त वायां जातें. म्हणजे तिचा नियम बरोबर होता. पैसे घेणारा कारकून नऊस येतो, कारण त्याची नेमणूकच नऊची आहे. डॉक्टरांनीं मागितलेली तपासणीही योग्यच होती. सर्वांनीं आपापलें काम चोख केलें, आणि रोगी पायरीवर बसला! त्या ठिकाणीं केसपेपर एकाचा होता, पावती दुसऱ्याची, रक्त तिसऱ्याचें. आत्याबाई मात्र कोणाच्याच नव्हत्या.

अशा वेळीं आपण पहिला प्रश्न विचारतों तो हा कीं, चूक कोणाची? आमच्या मतें तो बहुधा चुकीचाच प्रश्न असतो. रोगी दारांतून आंत आल्यापासून घरीं परतेपर्यंत कोणकोणत्या हातांतून जातो, आणि एका हातांतून दुसऱ्या हातांत जातांना काय सांडतें, हें पाहिलें पाहिजे. यालाच व्यवस्थेचा समग्र विचार म्हणतात. तो कांहीं आजचा नव्हे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें हातांत दिवा घेतलेलें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ च्या नोव्हेंबरांत, त्या ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानांतील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत पोंचल्या. अन्न, कपडे, शुश्रूषा यांत त्यांनीं पुष्कळ सुधारणा केली. तरीही त्या हिवाळ्यांत सैनिक पटापट मरतच राहिले. १८५५ च्या मार्चमध्यें इंग्लंडहून सॅनिटरी कमिशन आलें. त्यानें तुंबलेलीं गटारें साफ करविलीं, भिंतींस चुना दिला, कोंदट खोल्यांतून हवा खेळती केली. आणि मृत्यूंची संख्या झपाट्यानें खालीं आली. युद्ध संपल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साह्यानें बाईंनीं सारे आंकडे मांडले, तेव्हां दिसून आलें कीं, जखमांपेक्षां रोगांनींच कितीतरी अधिक सैनिक नेले होते. आपण ज्या इमारतींत रात्रंदिवस खपत होतों तिच्या खालचीं गटारेंच रोग्यांचे प्राण घेत होतीं, हें त्यांस किती कठीण गेलें असेल! परंतु त्यांनीं तें झांकून ठेविलें नाहीं. १८५८ सालीं मृत्यूंचीं कारणें दाखविणारी रंगीत आकृति छापून त्यांनीं राज्यकर्त्यांपुढें ठेविली. मुलांस दिव्याचें चित्र दाखवितात, ही आकृति दाखवीत नाहींत, याचें आम्हांस नेहमीं वाईट वाटतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें, अमेरिकेंतील सिॲटल शहराचें. तेथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे प्रमुख २००२ सालीं जपानांत जाऊन टोयोटाच्या मोटारींच्या कारखान्याची पद्धति पाहून आले. तेथें अगदीं साध्या कामगारासही दोष दिसतांच दोरी ओढून सारें काम थांबविण्याचा अधिकार असे. हीच रीत त्यांनीं आपल्या रुग्णालयांत आणली. इतकें करूनही २००४ च्या नोव्हेंबरांत तेथें अनर्थ झालाच. एका ६९ वर्षांच्या बाईंवर उपचार चालला असतां जवळ तीन द्रव ठेवलेले होते: क्ष-किरणांत शिरा दिसाव्यात म्हणून टोचावयाचें औषध, मिठाचें पाणी आणि त्वचा स्वच्छ करण्याचें जंतुनाशक. तिन्ही पाण्यासारखे स्वच्छ, आणि कशावर काय आहे याची चिठ्ठी नाहीं. औषधाऐवजीं जंतुनाशक टोचलें गेलें, आणि त्या बाई दगावल्या. रुग्णालयानें ही गोष्ट लपविली नाहीं. जाहीरपणें चूक कबूल करून क्षमा मागितली, आणि पुन्हां असा घोटाळा होऊंच नये अशी द्रव ठेवण्याची रीत बदलली. त्या दिवशीं टोचणाऱ्यास घरीं पाठवून प्रकरण मिटविलें असतें, तर तीं तीन भांडीं दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहत बसलीं असतीं.

यावर कोणी म्हणेल, मग अपराधी कोणीच नाहीं काय? आहे. जाणूनबुजून हयगय करणारा, मद्य पिऊन कामावर येणारा, लांच मागणारा, यांस शिक्षा झालीच पाहिजे. त्यांत आम्ही सवलत मागत नाहीं. आणखीही एक आक्षेप आहे, व तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो: रोगी म्हणजे मोटार नव्हे. कारखान्याची शिस्त आणून माणुसकी कमी व्हावयाची, ही भीति खोटी नाहीं. सर्व खिडक्या भराभर चालल्या आणि रोग्याशीं कोणी बोललेंच नाहीं, तर ती सुधारणा कसली?

म्हणून मदुराईकडे पाहावें. सरकारी नोकरींतून निवृत्त झाल्यावर डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनीं १९७६ सालीं तेथें ११ खाटांचें अरविंद नेत्ररुग्णालय काढलें. संधिवातानें त्यांचीं बोटें वांकडीं झालीं होतीं, तरी त्याच हातांनीं ते मोतीबिंदू काढीत. एका शस्त्रवैद्यास दोन टेबलें, एकावरील काम संपतें तों दुसऱ्यावरील रोगी सिद्ध, अशी तेथील शिस्त. परंतु शस्त्रक्रिया फुकट असूनही खेड्यांतील पुष्कळ आंधळीं माणसें येईनात. अडचण वेगळीच होती. बसचें भाडें कोठून आणावें, शहरांत जेवावें कोठें, आणि हात धरून नेणाऱ्याची मजुरी बुडेल तिचें काय? तेव्हां रुग्णालय स्वतः गाडी पाठवूं लागलें, जेवूं घालूं लागलें आणि रोग्यांस परत गांवीं पोंचवूं लागलें. म्हाताऱ्यास दिसूं लागण्याची वाट शस्त्रक्रियेच्या खोलींत नव्हे, त्याच्या झोंपडीच्या उंबऱ्यापाशीं सुरू होते, हें त्यांनीं ओळखलें.

आत्याबाईंच्या प्रसंगानंतर आम्ही त्या रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांस एक पत्र लिहिलें. त्यांत तक्रार नव्हती. कोणत्या खिडकीपाशीं किती वाजतां पोंचलों आणि तेथून किती वाजतां निघालों एवढेंच, घड्याळाप्रमाणें, ओळीनें लिहिलें होतें. त्या मुलीची क्षमाही त्याच पत्रांत मागितली. उत्तर आलें नाहीं. परंतु तीन महिन्यांनीं पुन्हां गेलों तेव्हां चिठ्ठीवर एक नवी ओळ छापलेली दिसली: ‘उपाशी येतेवेळीं सकाळचें इन्शुलिन घ्यावें किंवा कसें, हें आधीं डॉक्टरांस विचारावें.’ पैशाची खिडकी अजून नऊ वाजतांच उघडते. दुसरें पत्र आम्ही लिहावयास घेतलें आहे.