आजोबांचे हाली रुपये मोडीत घालण्याआधी

आपल्या धाराशिव जिल्ह्यात अजूनही कितीतरी घरांत उतरंडीच्या तळाशी, देवघरात किंवा आजीच्या कापडी कशात जुन्या रुपयांची पुरचुंडी सापडते. लेकीचं लग्न, दवाखाना, बियाण्याचा खर्च अशी नड आली की ही पुरचुंडी सुटते. आणि मग घरधन्याची दोन ठिकाणी फसगत होते. एक तर तो पहिल्याच सराफाकडे जाऊन नाणी मोडीच्या भावाने देऊन टाकतो. नाहीतर मोबाईलवरची जाहिरात पाहून एका नाण्याला लाखो रुपये मिळतील या आशेने जवळचेही पैसे घालवून बसतो. दोन्हींचं कारण एकच. आपल्याकडे नेमकं काय आहे, हेच ठाऊक नसतं.

आपला मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणून आपल्याकडे दोन प्रकारचे रुपये जास्त निघतात. एक निजामाचा हाली आणि दुसरा इंग्रजांचा कलदार. हाली रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या कमानीत एक उर्दू अक्षर असतं. 'मीम' असेल तर नाणं मीर महबूब अली खानाच्या काळातलं, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खानाच्या, म्हणजे १९११ नंतरचं. त्यावरचं साल हिजरी असतं, हे ध्यानात ठेवा. १३४३ हा आकडा वाचून कोणी नाणं पावणेसातशे वर्षांचं आहे म्हणेल, पण ते १९२४-२५ चं आहे. गावात उर्दू शाळेत शिकलेला म्हातारा माणूस असेल तर त्याच्याकडून आकडा वाचून घ्या.

आता चांदीचा हिशेब. कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. १९४० पूर्वीच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असते. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे ९.१ ग्रॅम. सात हाली म्हणजे सहा कलदार हा जुन्या माणसांचा हिशेब होता, आणि चांदीच्या वजनानेही तो बरोबर जुळतो. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन्ही रुपयांतली चांदी निम्म्यावर आणली गेली. १९४७ चा कलदार तर निकेलचा आहे, तो लोहचुंबकाला चिकटतो. तेव्हा नाणी सालवार वेगळी करा. सराफाच्या काट्यावर वजन करा आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावाने गुणा. चांगल्या चांदीचे चाळीस हाली असतील तर साधारण ३६५ ग्रॅम शुद्ध चांदी झाली. झीज झाली असेल तर थोडी कमी. हा झाला तुमचा पाया. याच्या खाली कोणी मागितलं तर नाणं पुरचुंडीत परत ठेवा.

पायाच्या वर किती मिळेल ते नाणं किती दुर्मिळ आणि किती स्वच्छ उठावाचं आहे यावर ठरतं. जुनं म्हणजे महागच असं नाही. तांब्याची शिवराई तीनशे वर्षांची परंपरा सांगते, पण ती इतकी मुबलक आहे की झिजलेल्या शिवराईला फार किंमत येत नाही. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी परत घेतली गेली, म्हणून त्याला संग्राहक जास्त देतात. १९३९ चा चांदीचा रुपया तर फारच विरळा, म्हणून त्याच्या नकलाही तितक्याच. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. नाणी चिंचेने, राखेने किंवा पावडरीने घासू नका. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत पडते.

विकताना किमान दोन-तीन ठिकाणी दाखवा. पुणे, मुंबई, हैदराबाद इथे नाण्यांची प्रदर्शनं भरतात, लिलावही होतात. दोन-चार साध्या रुपयांसाठी एवढी धाव परवडत नाही. नग वेगळा वाटला तरच जा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसतं. ते परदेशी पाठवायला बंदी आहे आणि त्याचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना लागतो. पावती नगवार घ्या.

लाखांच्या जाहिरातींबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सावध केलं आहे. बँक जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी नोंदणी फी किंवा कर मागणारा माणूस भामटा समजा. राम-हनुमानाच्या छापाचं '१८१८ चं कंपनीचं नाणं' आणि तांदूळ ओढणारं नाणं ही त्याच जातीची थाप.

पोलीस पाटील आणि तलाठी मंडळींनीही एक फरक गावात समजावून सांगावा. वारशाने आलेलं नाणं वेगळं आणि जमिनीत सापडलेलं वेगळं. तेरच्या पांढरीत सातवाहनांची शिशाची नाणी निघालेली आहेत. नांगरताना, विहीर खणताना किंवा वाड्याची भिंत पाडताना असं काही निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कळवलं तर शोधणाऱ्याचा हक्क राहतो. ते धन सरकारने ठेवून घेतलं तरी धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर हक्कही जातो आणि शिक्षाही होते. म्हणून आजोबांची नाणी असतील तर ती घरची आहेत, हे दाखवणारी नोंद हवी.

नोंदीचं महत्त्व आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. तुळजाभवानीच्या खजिन्यातली पुरातन नाणी गहाळ झाल्याप्रकरणी २०२० मध्ये गुन्हा दाखल झाला. देवीच्या खजिन्याची ही गत, तर आपल्या पुरचुंडीचं काय? तेव्हा एक दिवस भाऊ-बहिणी एकत्र बसा. बहिणींचाही त्यात वाटा आहे. प्रत्येक नाण्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. वहीत साल, वजन, संख्या लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. वाटणी किंवा विक्री त्यानंतर. नड मोठी असली तरी एवढ्या एका दिवसाने ती अडत नाही, आणि पुढचं भांडण मात्र टळतं.