वारा घालणारे हात

दिवाळीच्या थंडीत पंख्याची गोष्ट सांगणाऱ्याला तुम्ही वेड्यात काढाल. पण गेल्या वैशाखात लोणंदला आत्याकडे जे घडले, ते फराळाआधी सांगून टाकलेले बरे.

लोणंद म्हणजे कांद्याची पेठ. वारीत ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते, ती इथे मुक्कामाला येते. ओसरीवर टेकणाऱ्या वारकऱ्याला आत्या पाण्याच्या तांब्याबरोबर हातपंखाही देते. तो बुरुडाच्या हातचा, कामट्यांचा, साधा.

यंदा आत्याच्या नातीने बाटिकचे पंखे करायला घेतले होते. ती माझी भाची. मी किंमत विचारली.

"साडेतीनशे रुपये."

"अगं, वारा काय रंगीत येतो याचा?"

"मामा, दोन दिवस माझ्याजवळ बसा. मग बोला."

बसलो. आधी सुती कापड धुऊन त्याची खळ काढायची, नाही तर रंग धरत नाही. मग पेन्सिलीने वेल काढायची. मधमाश्यांचे मेण चिवट, मेणबत्तीचे ठिसूळ. दोन्ही एकत्र वितळवायची. जिथे रंग नको, तिथे मेण. ते थंड पडले तर कापडात मुरत नाही, फार तापले तर भलतीकडे पसरते. रंगाचे पाणी मात्र थंडच हवे, कारण ऊन पाण्यात मेणच वितळायचे. आधी पिवळा रंग. तो राखायचा तिथे पुन्हा मेण. मग लाल, शेवटी गडद. मेण तडकते, त्या भेगांतून रंग झिरपतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. अखेरीस उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे.

ही विद्या जावा बेटात फार पिकली. तिथे बारीक चोचीच्या तांब्याच्या वाटीने मेणाची रेघ ओढतात. रवींद्रनाथांनी १९२७ साली ते बेट पाहिले. शांतिनिकेतनातही बाटिक रुजले. २००९ साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आणि आमची भाची ते लोणंदच्या पडवीत स्टोव्हवर करीत होती!

मीही ब्रश हाती घेतला आणि फुलाच्या बाहेर थेंब पाडला. घाईने पुसू लागलो.

"राहू द्या मामा, पुसून जात नाही. तिथे आता पांढरंच राहणार." तिने त्या थेंबाला दोन पंख काढले. झाली मधमाशी!

कापड बुरुडाने वाकवून दिलेल्या कामटीच्या कड्यावर ताणून शिवायचे, वर झालर. "बुरूडकाकांशी मी घासाघीस करत नाही," ती म्हणाली. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाने मांडली आणि वीज गेली. आत्या सवयीने पंखा घेऊन माझ्या पानाशी बसली. ती अशीच बसत आली आहे. आधी आतोबांच्या पानाशी, मग मुलांच्या, सुटीत आम्हा भाचरांच्या. भाचीच्या दोन दिवसांचा हिशेब मी मनात मांडीत होतो. आत्याच्या मनगटाचा हिशेब इतक्या वर्षांत मला सुचला नव्हता. ही जेवायला बसते, तेव्हा हिला वारा कोण घालते?

हात धुऊन मी नवा पंखा उचलला. "आत्या, आता तू बस."

"अरे, काहीतरीच! लोक काय म्हणतील?" असे म्हणत ती बसली खरी, पण भराभर जेवू लागली.

"सावकाश जेव गं," मी म्हणालो. दहाव्या मिनिटाला माझे मनगट भरून आले. आत्याचा ताकभात अजून व्हायचा होता.

निघताना भाचीच्या हातावर साडेतीनशे रुपये ठेवले. "मामांकडून कसे घेऊ?" म्हणून ती संकोचली. मी म्हटले, "मामा म्हणून नव्हे, गिऱ्हाईक म्हणून देतोय."

मधमाशीचा तो पंखा आता आमच्या दिवाणखान्यात खुंटीवर आहे. पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजतात. पण वीज गेली की तो खाली उतरतो; आणि पहिला वारा कोणाच्या पानाशी, हे आमच्या घरात आता ठरलेले आहे.