पगार एकाचा, बिऱ्हाड चौघांचे

आमच्या नांदगावच्या धर्मग्रामात गेल्या काही वर्षांत एक प्रघात पडला आहे. घरातील कर्त्या पुरुषाला पुण्यात वा मुंबईत नोकरी लागली, की बिऱ्हाड हलण्यापूर्वीच्या रविवारी पतीपत्नी मुलांना घेऊन मिस्सानंतर आमच्याकडे येतात, आशीर्वाद मागतात आणि निघता निघता म्हणतात, "फादर, आता मुलांचे कल्याण होईल." आम्ही आशीर्वाद देतो. अनेकदा आम्ही वेदीवरून त्यांचे नाव घेऊन अभिनंदनही केले आहे. त्या अभिनंदनाविषयीच आज आम्हाला लिहावयाचे आहे. कारण त्यातील काही अभिनंदने आम्ही विचार न करता केली, असे आता आम्हाला वाटू लागले आहे.

एका कुटुंबाची हकिकत सांगतो. पती येथील एका दुकानात हिशेब लिहीत असे; पत्नी मनमाडच्या एका खाजगी इस्पितळात परिचारिका होती. घर वडिलोपार्जित, आजी घरात, मुले पायी शाळेत जात. पतीला चाकणकडे एका गोदामात नोकरी लागली. पगाराचा आकडा ऐकून आम्हीही हरखलो. पत्नीने राजीनामा दिला, सामान टेम्पोत चढले. धाकटीला सांभाळायला तेथे कोणी नाही, म्हणून तिला तेथे नोकरी धरता आली नाही. चौदा महिन्यांनी ती मुलांना घेऊन नांदगावला परतली. इस्पितळातील तिची जागा भरली गेली होती. आता दुसरीकडे कमी पगारावर ती काम करते. पती चार जणांबरोबर एका खोलीत कॉट भाड्याने घेऊन राहतो आणि पंधरवड्याने मनमाडला उतरून घरी येतो. धाकटी त्याला दारातच विचारते, "परत कधी जाणार?" त्या लेकराला बाप पाहुणा वाटू लागला आहे.

या कुटुंबाने उधळपट्टी केली नाही, व्यसन केले नाही, आळस केला नाही. तरीही गावात त्यांच्याविषयी काय बोलले गेले? "त्यांना शहर झेपले नाही." हे वाक्य आम्हाला मान्य नाही. झेपले नाही ते पगाराला. आणि पगार किती असावा हे त्या कुटुंबाने ठरवले नव्हते.

वाचक बंधुभगिनींनो, आपण भावनेच्या आधी हिशेब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापले घालून पाहावेत. समजा, नांदगावात पतीचे बावीस हजार आणि पत्नीचे चौदा हजार, मिळून छत्तीस हजार रुपये घरात येतात. भाडे नाही. पुण्यात पतीच्या हाती एकट्याचे चाळीस हजार पडणार आहेत. शहराच्या कडेला दोन खोल्यांचे भाडे पंधरा हजार धरा. दोन मुलांची शाळा आणि शाळेची बस आठ हजार. किराणा, दूध, भाजी, गॅस बारा हजार. पतीचे जाणे-येणे तीन हजार. वीज आणि फोन दोन हजार. झाले चाळीस हजार. आता औषध, कपडे, सणासुदीला गावी येणे, म्हाताऱ्या आईला पाठवायचे पैसे, हे सर्व कोठून आणावयाचे? शिवाय पहिला पगार हाती येण्यापूर्वीच तीन महिन्यांची अनामत, एक महिन्याची दलाली आणि पहिले भाडे मिळून पाऊण लाख रुपये मोजावे लागले. टेम्पो आणि शाळाप्रवेश निराळे. ज्याला आपण बढती म्हणतो, तिचा प्रारंभ कर्जाने होतो.

या हिशेबात एक गोष्ट सहसा कोणी मांडत नाही. नांदगावात या कुटुंबाला जे फुकट मिळत होते, ते शहरात रोख मोजून घ्यावे लागते. आजीचे लक्ष, शेजारणीचा आधार, गावाकडून येणारे बाजरीचे पोते, पायी गाठता येणारी शाळा: यांची पगारपत्रकात नोंद नसते, परंतु तीही मिळकतच असते. आणि स्थलांतरात पहिला बळी पत्नीच्या नोकरीचा जातो. म्हणजे आपण 'एका पगारावर शहरात जाणारे कुटुंब' म्हणतो, ते पुष्कळदा दोन पगार सोडून एकावर आलेले कुटुंब असते.

हे आजचे नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपल्यापुढे आहे. कोकणातून आणि घाटावरून हजारो तरुण गिरणगावात गेले. त्यांपैकी किती जणांना बायकामुले नेता आली? एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाळेकरी आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, हे त्या शहराचे चित्र होते. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीही ज्याला मिळाली तो भाग्यवान. गावी राहिलेली पत्नी भात लावीत होती, मुले वाढवीत होती, सासूसासऱ्यांचे करीत होती. म्हणजे गिरणीमालक जो पगार देत असे, तो एका देहाचे पोट भरण्यापुरता होता. उरलेल्या कुटुंबाचे पोट गावच्या शेताने आणि त्या स्त्रीच्या कष्टांनी भरले. मालकाला मजूर स्वस्त पडला, कारण त्याची अर्धी किंमत गाव मोजत होते. खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांना १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारावे लागले. आणि जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा अनेकांना आधार शेवटी गावाचाच उरला.

आज गिरण्या नाहीत, परंतु रीत तीच आहे. चाकणच्या वा नवी मुंबईच्या गोदामाला लागणारा स्वस्त माणूस नांदगावची आजी पोसते आहे. ती नातवंडे सांभाळते म्हणून तेथील पगार पुरतो. या आजीचे उपकार कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात लिहिलेले नाहीत.

कोणी म्हणेल, धर्मगुरूने अर्थशास्त्रात का पडावे? आमचे उत्तर असे, की ख्रिस्तसभा या प्रश्नात फार पूर्वीच पडलेली आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले, की मालक व मजूर यांनी राजीखुशीने ठरवलेले वेतनही अन्यायाचे असू शकते. कारण गरजेपोटी दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली कामगाराला कुटुंबाच्या निर्वाहाइतके वेतन मिळालेच पाहिजे, असे मांडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' मध्ये कुटुंब-वेतनाची कल्पना अधिक स्पष्ट केली: एकाच्या कमाईवर घर चालावे, नाही तर कुटुंबाला भत्त्यासारखे अन्य साहाय्य मिळावे. २०२५ साली निवडून आलेल्या पोप महाशयांनी लिओ हे नाव घेताना त्याच १८९१ च्या परिपत्रकाची आठवण केली. तेव्हा हा विषय आम्ही ओढूनताणून आणलेला नाही.

आणि हा केवळ आपल्या धर्माचाही विचार नाही. आपल्या देशात १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे निकष ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरावीत आणि हिशेब करताना पत्नीची व मुलांची कमाई धरू नये. अन्न, वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के, अशी ती मोजणी होती. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, करमणूक, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी त्यात आणखी पंचवीस टक्क्यांची भर घालावयास सांगितले. विचार किती माणुसकीचा! परंतु नांदगाव आणि मुंबई येथील किमान वेतनांत जे अंतर आहे, ते या दोन ठिकाणच्या घरभाड्यांतील अंतराच्या पासंगालाही पुरत नाही.

सरकारला शहराची किंमत ठाऊक नाही काय? उत्तम ठाऊक आहे. आमच्या गावातील रेल्वेच्या कुटुंबांना विचारा. महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोहोचल्यावर, २०२४ पासून, केंद्रीय कर्मचाऱ्याला मुंबई-पुण्यात मूळ वेतनाच्या तीस टक्के, नाशिकला वीस टक्के आणि नांदगावसारख्या ठिकाणी दहा टक्के घरभाडे भत्ता देण्याचे ठरले. म्हणजे तोच माणूस, तेच काम. गाव बदलले की घराची तजवीज बदलते. जे सरकारला आपल्या नोकरासाठी समजते, ते खाजगी मालकाला आपल्या नोकरासाठी का समजू नये?

आता बोट स्वतःकडे वळवतो, कारण तसे केल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही. आमच्या धर्मसंस्थांच्या शाळा आहेत, इस्पितळे आहेत, वसतिगृहे आहेत. कुटुंब-वेतनावर प्रवचन करणारे आम्ही, आमच्याच शिपायाला, स्वयंपाकिणीला आणि विनाअनुदानित तुकडीवरच्या शिक्षिकेला काय देतो? 'सेवाभाव' हा शब्द आम्ही त्यांच्या पगारात मिसळतो आणि उरलेली रक्कम वाचवतो. सेवाभावाने घरमालक भाडे घेत नाही. संत याकोबाने आपल्या पत्रात अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे लिहिले, ते शेतमालकांना उद्देशून होते. परंतु ज्याच्या हाती पगारपत्रक आहे, त्या प्रत्येकाने ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे. आम्हीही.

काही आक्षेप आम्ही ऐकले आहेत. पहिला: पत्नीनेही कमवावे, प्रश्न मिटला. कमवावे, अवश्य कमवावे. आमच्या समाजातील परिचारिका आणि शिक्षिका यांनी दोन पिढ्या घरे उभी केली आहेत. परंतु तिने आवडीने काम करणे निराळे आणि घरभाड्यासाठी तान्हे मूल परक्या हाती सोडून तिला काम करावे लागणे निराळे. तिला निवड करता यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे; आणि अपुऱ्या पगारात पहिल्यांदा बुडते ती तिची निवड.

दुसरा: फादर तरुणांचे पंख कापीत आहेत. मुळीच नाही. दुष्काळी तालुक्यात राहून आम्ही स्थलांतराची निंदा कशी करू? गिरणा धरण आमच्याच तालुक्यात असून पाण्यासाठी वणवण करणारी गावे आम्ही पाहिली आहेत. ज्याला येथे पोट भरता येत नाही, त्याने जावेच. आमचा विरोध न मोजता जाण्याला आहे आणि न जाणाऱ्याला भित्रा ठरवण्याला आहे. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभू येशूने सांगितलेच आहे.

तिसरा: धर्मगुरूला संसार नाही, त्याला काय कळणार? हा आक्षेप आम्ही नम्रपणे स्वीकारतो. परंतु मोडलेल्या संसारांची गाऱ्हाणी आमच्याच दारी येतात, आणि ऐकणाऱ्यालाही काही तरी शिकता येते.

म्हणून आमची काही स्पष्ट मागणी आहे. मालकाने नोकरी देताना माणसाला कुटुंब आहे हे लक्षात घेऊन घरभाड्याची तरतूद करावी. आणि नोकरी घेणाऱ्याने ती लाज न बाळगता मागावी. आमच्या संस्थांनी पगारपत्रक उघडून १९५७ च्या निकषांशी ताडून पाहावे. पूर्ण वेतन देणे शक्य नसेल तेथे राहण्यास जागा द्यावी. शहरातील मोठ्या धर्मग्रामांनी केवळ विद्यार्थ्यांची वसतिगृहे न चालवता, नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिले तीन महिने राहता येईल अशा दोन खोल्या राखाव्यात; अनामतीचा डोंगर चढायला तेवढी सवड पुष्कळांना पुरेल. कुटुंबांनी अकरा महिन्यांचा करार लेखी व नोंदणीकृत करून घ्यावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. पत्नीची नोकरी सोडण्यापूर्वी सहा महिन्यांचा हिशेब कागदावर मांडावा. शक्य असल्यास राजीनाम्याऐवजी रजा घ्यावी. आणि कोणी परतले, तर आपण त्यांच्याकडे 'हरून आलेले' म्हणून पाहू नये.

संत योसेफ रातोरात इजिप्तला निघाला, तेव्हा तोही परमुलुखात जाणारा एकटा कमावता होता. परंतु त्याने माता आणि बालक यांना मागे ठेवले नाही. त्यांना घेऊन तो निघाला. आपल्या समाजातील कोणत्याही बापाला पोटासाठी याहून निराळे करावे लागू नये, एवढा पगार आणि एवढे छप्पर त्याला मिळाले पाहिजे. तोवर वेदीवरून अभिनंदन करण्यापूर्वी आम्ही त्या कुटुंबाला आधी बसवून हिशेब विचारणार आहोत. आशीर्वाद त्यानंतर.