गोळी अर्धी करण्याआधी



पगार हाती येईपर्यंत औषध पुरवून खायचे, ही आपल्या घरांची जुनी रीत. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या लिहून दिल्या, की पंधरा दिवसांच्या आणायच्या आणि अर्ध्या करून महिना काढायचा. म्हातारीला गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून द्यायच्या. यात मी कुणाला दोष देत नाही. महागाई काय असते हे आम्हा कारकुनांनाही ठाऊक आहे. पण गोळी म्हणजे भाकरी नव्हे, की कशीही मोडली तरी चालेल.

गोळीत खरे औषध पुष्कळदा थोडेच असते. बाकी भर, चिकटवण आणि स्टार्च. स्टार्च पोटातल्या पाण्याने फुगतो आणि गोळी फुटते. हा स्टार्च बहुधा मक्याचा. आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे, म्हणजे ही वस्तू आपल्याला परकी नाही. त्याच जिल्ह्यात शिरपूरला १९९२ साली सुरू झालेल्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेत याच विषयावर संशोधन चालते. पाण्यात न विरघळणारे औषध कसे विरघळवावे, ते पोटात कुठे आणि किती हळू सुटावे, हा तो विषय.

पित्तावरचे पॅन्टोप्राझोल घ्या. ते जठरातल्या आम्लाने नासते, म्हणून त्यावर आम्लाला न जुमानणारे आवरण असते. कुटले की आवरण गेले, औषधही गेले. साखरेवरची मेटफॉर्मिन एसआर हळूहळू सुटते. रक्तदाबावरची निफेडिपिन रिटार्ड कुटली, तर सारे औषध एकदम सुटून दाब धाडकन खाली येतो. त्यात माणूस दगावूही शकतो.

क्षयाच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. रिफाम्पिसिन आम्लात खराब होते आणि शेजारी आयसोनियाझिड असले तर जास्तच वेगाने. ही दोन्ही एका गोळीत बसवून रक्तात पुरेशी पोहोचवणे सोपे नव्हते. २०१७ पासून देशभर सरकारी केंद्रांतून रोज घ्यायची एकत्रित गोळी मोफत मिळू लागली. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधे, पुढे तीन. लहान मुलांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी असते. किती गोळ्या, ते वजनावर ठरते. काही जण म्हणतात, "चार एकदम जड जातात, दोन सकाळी, दोन रात्री घेतो." तसे करू नका. रक्तात औषधाची पातळी एकदाच पुरेशी चढावी लागते, नाहीतर जंतू मरत नाहीत आणि औषधालाच सरावतात. मग उपचार लांबतो, गोळ्याही बदलतात.

पैसे कमी पडत असतील तर डॉक्टरांना तोंडावर सांगा. जेनेरिक गोळी लिहून मागा, जनऔषधी दुकानात विचारा, सरकारी दवाखान्यात जा. गिळवत नसेल तर पातळ औषध मिळते का पाहा. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते, त्या मोडता येतात; तरी आधी दुकानदाराला विचारा. पाकिटावर नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा रिटार्ड असे इंग्रजीत छापलेले दिसले, तर विचारल्याशिवाय सुरी लावू नका. ही अक्षरे घरातल्या शाळकरी पोरीला दाखवा. ती वाचून सांगेल.